सकाळची तरतरी कुठून येते?

शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर आलेला रुग्ण पुष्कळदा सांगतो की डोकं दुखतंय. टाके पोटावर आणि ठणकतंय डोकं, म्हणून घरचे घाबरतात, भूल बाधली का असं विचारतात. याला कारणं अनेक असू शकतात. त्यातलं एक मात्र फार थोड्यांच्या ध्यानात येतं. हा माणूस आदल्या रात्रीपासून उपाशी असतो, त्यामुळे त्याचा रोजचा चहा किंवा कॉफी चुकलेली असते. सोडायचं असं त्याने ठरवलेलं नसतं, पण चहा-कॉफीतलं कॅफिन सुटलेलं असतं आणि त्याचा त्रास सुरू झालेला असतो.

कॅफिनबद्दल आपण आज बोलणार आहोत ते या बाजूने. ते घेतल्यावर काय होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते थांबवल्यावर काय होतं हे बघितलं, की ते आपल्याला रोज नेमकं काय देत होतं याचा हिशेब लागतो.

१८१९ साली फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने कॉफीच्या बियांपासून हे द्रव्य वेगळं काढलं. त्या बिया त्याला कवी गटेने दिल्या होत्या. द्रव्य हाती आलं, पण ते काम कसं करतं हे उलगडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. ते पेशींवरच्या ठरावीक जागी जाऊन बसलं की डोळे जड होतात, झोप हवीशी वाटते. कॅफिनची घडण अ‍ॅडेनोसिनशी इतकी मिळतीजुळती आहे, की ते त्याच जागा अडवतं. कुलपात शिरते पण फिरत नाही अशा किल्लीसारखं. थकवा कुठे गेलेला नसतो, फक्त त्याचा निरोप मेंदूपर्यंत पोचत नाही. कॅफिन आपल्याला शक्ती देतं हा समज म्हणूनच मला पटत नाही.

रोज घेणाऱ्याचं शरीर या अडवणुकीला सरावतं. मग रात्रभर कॅफिन न मिळालेल्या माणसाला सकाळी जी सुस्ती आणि चिडचिड जाणवते, तिचा बराचसा भाग हा कॅफिन उतरल्याचाच असतो. पहिला कप घेतला की बरं वाटतं, कारण कालच्या कपांनी मागे ठेवलेली उणीव त्याने भरून निघते. तरतरी म्हणून आपण जिचं कौतुक करतो, ती पुष्कळ अंशी अशी भरपाई असते. मला आज तुमच्यापुढे मांडायचं आहे ते एवढंच. ते पटलं, तर सोडणाऱ्याची पहिली फसगत टळते.

फसगत कशी होते बघा. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो. दुसऱ्या दिवशी तो ऐन भरात येतो. कपाळ आणि डोळ्यांमागचा भाग जड होतो, मग ठणकायला लागतो. कॅफिन मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसून ठेवतं, ते नसलं की त्या रुंदावतात. सोबत पेंग येते, मन लागत नाही, समोरचा साधं काही विचारत असला तरी त्याचा राग येतो. एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागतो. काहींना अंग मोडून येतं, मळमळतं, फ्लू झाल्यासारखं वाटतं. आणि माणूस म्हणतो, बघा, माझं कॅफिनशिवाय चालतच नाही! पण हा सगळा त्रास साधारण २ ते ९ दिवसांत ओसरतो. हे मनाचे खेळ नाहीत. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३च्या निदानपुस्तिकेत कॅफिन सुटण्याच्या त्रासाला रीतसर निदानाचं स्थान दिलं आहे. दिवसाला १०० मिलिग्रॅम, म्हणजे कॉफीचा एक मग किंवा दोनेक कप चहा घेणाऱ्यालाही तो होऊ शकतो. कॅफिनशिवाय आपण कसे असतो, हे त्या दुसऱ्या दिवसावरून ठरवू नका. दोन आठवडे जाऊ द्या.

इथे एक सांगून ठेवतो. डोकेदुखीच्या अनेक गोळ्यांमध्येही कॅफिन असतं. सोडणारा माणूस ती गोळी घेतो, डोकं चटकन थांबतं, आणि त्याला वाटतं गोळी लागू पडली. गोळीचं वेष्टन वाचा.

दोन आठवड्यांनंतर काय बदलतं? माझ्या मते सगळ्यांत मोलाचा बदल झोपेत होतो. शरीरातलं निम्मं कॅफिन बाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. दुपारी चारला १०० मिलिग्रॅम घेतलंत, तर रात्री नऊला ५० आणि पहाटे दोनला २५ शिल्लक असतं. कुणाचं यकृत हे काम झपाट्याने उरकतं, कुणाचं रेंगाळतं. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तर हा वेळ कितीतरी पटींनी वाढतो. २०१३च्या एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम दिलं, तेव्हाही झोप तासाभराहून अधिक घटली. "मला कॉफी प्यायली तरी झोप लागते" असं म्हणणाऱ्यांना झोप लागते हे खरंच आहे, पण ती उथळ होते आणि हे त्यांना कळत नाही. सकाळी अंग जड, म्हणून पुन्हा कप. हे चक्र तुटलं की सकाळ आपोआप हलकी होते.

दिवसाची चालही बदलते. दुपारी जी मरगळ पूर्वी कपाखाली दबायची, ती आता समोर येते. काहींना हे आवडत नाही. मला ते हिताचं वाटतं, कारण थकवा कळला तर माणूस थांबतो. आणि एक अडचण मी हलकी मानत नाही. कप हे कामातून उठण्याचं, चार माणसांत बसण्याचं निमित्त असतं. कॅफिन सोडणारे पुष्कळ जण ते उठणं-बसणंही सोडून देतात आणि एकटे पडतात. तसं करू नका. उठा, बसा, हातात दुसरं काही घ्या.

सोडायचं तर एका झटक्यात नको. दोन-तीन दिवसांआड थोडं थोडं कमी करा, आणि सुरुवात संध्याकाळच्या कपापासून करा. कोला, एनर्जी ड्रिंक आणि चॉकलेट हिशेबात धरा. डिकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेल्या कॉफीतही थोडं कॅफिन असतंच. लिथियम किंवा क्लोझापिन ही मनोविकारांवरची औषधं चालू असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काहीच बदलू नये. कॅफिन अचानक थांबलं की लिथियमची रक्तातली पातळी वर जाते, क्लोझापिनची खाली येऊ शकते.

कायमचं सोडाच असा माझा आग्रह नाही. निरोगी प्रौढाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत आणि गरोदर स्त्रीला २०० पर्यंत चालतं, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ साली म्हटलं आहे. पण महिनाभर थांबून मग एखाद्या सकाळी अर्धा कप घेऊन बघा. तो अर्धा कप काय करतो आणि किती वेळ करतो, हे त्या दिवशी तुम्हाला स्पष्ट कळेल, आणि पुढे किती घ्यायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल.