आगाऊ पैसे घ्यावेत

लॉजच्या रजिस्टरला सात रकाने असतात. अनुक्रमांक, नाव-पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, कशासाठी आले, बरोबर माणसं किती, आणि सही. आमच्याकडे आठवा रकाना होता, तो मी पेन्सिलीनं समासात चालवायचो. शेरा. 'भाव करतो', 'चादरी मोजून घेणे', 'रात्री दोनदा गरम पाणी मागतो', असं काय काय. पंचवटीतल्या एका लॉजच्या काउंटरवर मी एकतीस वर्षं काढली, त्यात २००३ आणि २०१५ असे दोन सिंहस्थ निभावले. माणूस पायऱ्या चढून आत येईपर्यंत माझा शेरा मनात लिहून झालेला असायचा. आधी पायात काय आहे ते बघायचं, मग हातात काय आहे ते, आणि चेहरा सगळ्यात शेवटी. चेहरा काय, खोली हवी असली की कोणीही गरीब करतो.

निवृत्त झालो तेव्हा एक कोरं रजिस्टर माझ्याबरोबर घरी आलं. कसं आलं ते विचारू नका. दोन वर्षं ते कपाटात पडून होतं. मग नातीनं मला एक पुस्तक आणून दिलं, टॉल्किनचं 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'. मुळात १९५४-५५ साली ते तीन खंडांत निघालं होतं, माझ्याकडे आलं ते एकत्र बांधलेलं, उशाला घेता येईल एवढं. वर तिची ताकीद : "आजोबा, सिनेमे आधी बघायचे नाहीत. चेहरे आयते मिळतात." माझं इंग्रजी वाचन बैलगाडीच्या वेगाचं. शेजारी शब्दकोश. पन्नास पानं झाली आणि मी घायकुतीला आलो. नावांचा नुसता पूर आलेला, त्यात एकेका माणसाला दोन-दोन, तीन-तीन नावं. मग उठलो, रजिस्टर काढलं आणि येईल त्याची नोंद करायला लागलो. आज मला बोलायला सांगितलंय ते त्या नोंदींवरच. ते सोबत आणलंय, मधूनमधून वाचून दाखवतो.

पहिली नोंद गँडाल्फ, जादूगार. एका म्हाताऱ्याच्या, म्हणजे बिल्बोच्या, एकशे अकराव्या वाढदिवसाला गाडीभर शोभेची दारू घेऊन येतो. माझी नोंद : 'कुठून आला – सांगत नाही. कशासाठी – फटाके. शेरा – ओळखीचा वाटतो, खोली द्यावी.' हा शेरा टिकला. पुढची नोंद सॅमची. हा माळी. खिडकीखालचं गवत कापायच्या निमित्तानं मालकाचं बोलणं ऐकत बसला आणि गँडाल्फनं त्याला कान धरून वर ओढलं. माझा शेरा : 'नोकरमाणूस, चोरून ऐकतो. खाली जिन्यापाशी झोपेल.' हे तुमच्यासमोर वाचताना मला लाज वाटते. ज्यांनी पुस्तक वाचलंय त्यांना कळेल का ते. बाकीच्यांनी वाचा.

आता मुख्य गोष्ट. ब्री नावाचं गाव आहे. तिथे 'प्रान्सिंग पोनी' नावाची जागा : खाली खाणंपिणं, वर खोल्या. मालक बटरबर. बुटका, जाडा, टकला, लाल तोंडाचा. हातात सतत काहीतरी, एकाशी बोलता बोलता दुसऱ्याचं काम विसरणारा. याच्या पुढे मी लिहिलंय : 'आपलाच माणूस.' गंगेवरच्या, म्हणजे आपल्या गोदावरीकाठच्या, कुठल्याही लॉजमध्ये श्रावणातल्या सोमवारी तुम्हाला हा बटरबर भेटेल. त्याच्याकडे चार हॉबिट येतात, म्हणजे आपल्या कमरेच्या जरा वर येतील अशी अनवाणी माणसं. त्यातला फ्रोडो मालकाला नाव सांगतो अंडरहिल. साफ खोटं. माझ्या काउंटरवर असं झालं असतं आणि त्या रात्री पोलिसांची तपासणी आली असती, तर आत कोण गेलं असतं? मी. तर लक्षात घ्या, खोटं नाव सांगणारा इसम कादंबरीचा नायक आहे, आणि वाचणाऱ्याला त्यात काही गैर वाटत नाही, कारण आपण त्याच्या घरापासून त्याच्याबरोबर चालत आलोय.

आणि कोपऱ्यात भिंतीशी एक माणूस बसलाय. लांब दांडीचा पाइप ओढतोय. प्रवासानं मळलेला गडद हिरवा झगा, आणि खोलीत उकडत असूनही टोपडं तोंडावर ओढलेलं. पायात मऊ चामड्याचे उंच बूट, चिखलानं थापलेले. गावातले लोक त्याला स्ट्रायडर म्हणतात. मी त्याचं मराठी करून टाकलं, ढांगाड्या. हा ढांगाड्या फ्रोडोला बाजूला घेतो, म्हणतो, मला तुझ्याबद्दल सगळं माहीत आहे, तुझ्या कामाचं आणखीही सांगतो, पण त्याची किंमत द्यावी लागेल. माझा शेरा वाचतो : 'रिकामटेकडा. गिऱ्हाइकांना त्रास देतो. आगाऊ पैसे घ्यावेत.'

नंतर मी तो परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात लिहिलंय की ते बूट त्याच्या पायाला नेमके बसलेले होते. हे मी पहिल्यांदाही वाचलं होतं आणि पुढे गेलो होतो! आयुष्यभर पायांकडे बघत आलेला मी! उचललेले किंवा मागून आणलेले बूट पायाला असे बसत नाहीत. माणूस चांगल्या घरचा आहे आणि फार चाललाय, एवढं सगळं त्या एका वाक्यात होतं. मी चिखल तेवढा बघितला.

तसाच एकदा खराखुरा चिखल बघितला होता. नव्वदीच्या दशकातली गोष्ट, श्रावणच होता. रात्री अकराच्या पुढे एक माणूस आला. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, छातीशी एक गाठोडं घट्ट धरलेलं. खोली आहे का हे त्यानं विचारलंच नाही. विचारलं काय, तर "बाहीर कुठं खुंटी हाय का? नाहीतर झाड?" मी मनात शेरा मारला, चोरीचा माल आहे, आत आणायला घाबरतोय. म्हटलं, जागा नाही. माझ्या पाठीमागे बोर्डावर तीन किल्ल्या लटकत होत्या. त्यानं त्या बघितल्या. काही बोलला नाही, उतरून गेला. सकाळी झाडूवाल्या मावशींनी सांगितलं, तो रात्रभर समोरच्या पिंपळाखाली बसून होता, गाठोडं वर फांदीला बांधलेलं, आणि उजाडल्यावर रामकुंडाकडे गेला. अस्थी होत्या. अस्थी घरात आणत नाहीत, तशा लॉजमध्येही आणत नाहीत. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? रोजचा धंदाच त्यावर चालत होता.

ॲरागॉर्न हे नाव ब्रीतच कळलेलं असतं, पण ढांगाड्या खरा कोण ते पुढे 'एलरॉन्डची सभा' या प्रकरणात कळतं. वनवासात वाढलेल्या राजवंशाचा वारस. तिथे तो एक गोष्ट बोलून जातो. एक जाडा माणूस मला ढांगाड्या म्हणतो, त्याच्या गावापासून एका दिवसाच्या वाटेवर असे शत्रू आहेत की नुसते दिसले तरी त्याचं काळीज गोठेल, आणि आम्ही डोळ्यांत तेल घालून राखण करतो म्हणून तो सुखानं झोपतो. मी पुस्तक मिटलं आणि चहा करून प्यायलो. तो जाडा माणूस कोण ते मला बरोबर कळलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, यात नवल ते काय, वनवासातला राजा आपल्याला का नवीन आहे? मीही तेच म्हटलं. मी काळारामाच्या घंटा ऐकत वाढलो. पण बघा, तुमच्यापैकी कोणाला रामाची पहिली भेट आठवते? राम कोण आहे हे माहीत नसलेला एक तरी दिवस? आपल्याला तो आईच्या दुधाबरोबरच मिळाला. त्यामुळे त्याच्याबद्दल फसायची संधीच मिळाली नाही. ती मला या परक्या पुस्तकानं दिली, तीही सत्तरीच्या उंबरठ्यावर.

मग मी सावानात गेलो, १८४० सालापासूनचं आपलं वाचनालय, आणि वाल्मीकी रामायणाच्या भाषांतराचा अरण्यकांडाचा भाग आणला. मला बघायचं होतं की रामाला पहिल्यांदा बघणारे लोक काय म्हणतात. आणि सापडलं की! विराध राक्षस दोघा भावांना बघून म्हणतो, जटा वाढवल्यात, वल्कलं नेसलात, आणि हातात धनुष्य? तपस्वी म्हणवता आणि बरोबर बाई कशी? पुढे इथे, आपल्या पंचवटीत, शूर्पणखा येते. ती काही आल्या आल्या लग्नाचं बोलत नाही. ती आधी विचारते : वेष तापसाचा, संगती बायको, हातात धनुष्यबाण, राक्षसांच्या या मुलखात तू आलास कसा? अहो, हे माझ्या रजिस्टरचे रकाने आहेत. कुठून आले, कशासाठी, बरोबर माणसं किती. नाशिक हे नाव जिच्या नाकावरून पडलं म्हणतात, तिचा पहिला प्रश्न लॉजच्या मॅनेजरचा होता, आणि प्रश्न चुकीचा नव्हता.

आणि याच आश्रमात रावण येतो तो कसा? मऊ भगवी वस्त्रं, शेंडी, छत्री, पायात पादत्राणं, डाव्या खांद्यावर दंड-कमंडलू. मी तर गंगेकडची खोली उघडून दिली असती. सीतेनं आसन दिलं, पाय धुवायला पाणी दिलं, वेगळं काय केलं? ब्रीच्या त्या रात्री फ्रोडो नेमकं हेच बोलतो. तो ढांगाड्याला म्हणतो की तू शत्रूचा हेर असतास तर दिसायला याहून बरा असतास आणि मनाला मात्र वाईट वाटला असतास. ढांगाड्या हसतो. मी हे वाचलं आणि रजिस्टरवर पेन्सिल तशीच धरून बसलो. माझ्या धंद्यात 'मनाला कसं वाटलं' याला रकाना नव्हता.

नातीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आजोबा, लेखकालाही माहीत नव्हतं. मला वाटलं चेष्टा करतेय. पण खरं आहे. टॉल्किननं १९५५ मध्ये कवी ऑडेनला पत्र लिहिलं, त्यात कबूल केलंय की खानावळीच्या कोपऱ्यात बसलेला हा माणूस बघून तो स्वतः चकित झाला, आणि तो कोण याची फ्रोडोइतकीच त्यालाही कल्पना नव्हती. पहिल्या खर्ड्यांत तर हा उंचापुरा राजा चक्क एक हॉबिट होता, लाकडी बूट घालून खडखड चालणारा, नाव ट्रॉटर. आणखी एक गंमत. हॉबिटांच्या मागावर जे काळे घोडेस्वार लागतात, ज्यांच्या प्रकरणानंतर मी रात्री दाराची कडी दोनदा तपासली, त्यातल्या पहिल्या स्वाराच्या जागी आधीच्या खर्ड्यात गँडाल्फ होता, पांढऱ्या घोड्यावर, झग्यात गुंडाळलेला. वळणावरून घोडा आला, लेखकानं लिहिता लिहिता बघितलं, आणि ओळखीचा म्हातारा जाऊन तिथे भय आलं. म्हणजे दारात कोण उभं आहे हे न कळताच त्यानंही रजिस्टर उघडलं होतं. मला जरा बरं वाटलं.

फ्रोडोच्या सोबत्यांपैकी बोरोमिरबद्दल फार बोलत नाही. 'मोठ्या घरचा, तक्रार करणार' असा शेरा होता, आणि तो तक्रार करतोच, त्याहून वाईटही वागतो. पण त्याचं मरण वाचल्यावर शेऱ्यापुढे काही लिहावंसं वाटलं नाही.

गॉलमचं मात्र सांगायला हवं. ज्या जादूच्या अंगठीपायी फ्रोडो घराबाहेर पडतो, ती बिल्बोच्या आधी याच्याकडे होती. तो काउंटरपर्यंत पोचायच्या आधीच मी लिहून ठेवलं होतं, 'खोली देऊ नये.' कारण त्याची हकिगत आपण ऐकीव ऐकतो, फ्रोडोच्या घरात, गँडाल्फच्या तोंडून. फ्रोडो म्हणतो, बिल्बोनं त्याला तेव्हाच मारायला हवं होतं. गँडाल्फ म्हणतो, तू त्याला बघितलं नाहीस. फ्रोडो म्हणतो, बघायचंही नाही. पुढे तो खरोखर समोर येतो तेव्हा फ्रोडोला त्याची कीव येते. आणि गॉलमची मूळ नोंदही लेखकानं एकदा बदललेली आहे. १९३७ साली टॉल्किनचं आधीचं पुस्तक 'द हॉबिट' निघालं, त्यात गॉलम पैजेत अंगठी लावतो, हरतो, अंगठी सापडत नाही म्हणून माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. सरळ माणूस! पुढे अंगठी एवढी घातक ठरल्यावर हे जमेना, तेव्हा १९५१ च्या आवृत्तीत ते प्रकरण नव्यानं लिहिलं. मला आवडलं ते पुढचं. रजिस्टरमध्ये खोडरबर चालत नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. टॉल्किननं तेच केलं. जुनी हकिगत फेकून दिली नाही, ती बिल्बोनं लोकांना सांगितलेली थाप होती असं कथेतच घालून टाकलं. ऑडिटवाल्यांनी बोट ठेवायला जागा नाही.

आता बटरबर, आणि मग बसतो. गँडाल्फनं त्याच्याकडे फ्रोडोसाठी एक पत्र दिलं होतं, ताबडतोब पाठव म्हणून. हा विसरला, आणि तीन महिन्यांनी फ्रोडोच दारात आला तेव्हा ते हातात पडलं. त्या विसरण्यानं किती जणांचे जीव टांगणीला लागले! तरी त्याच्यावर राग धरवत नाही. शेवटी सगळं संपवून मंडळी परत 'पोनी'त येतात. गँडाल्फ सांगतो, आता राजा आलाय, रस्ते सुरक्षित होतील. बटरबर म्हणतो, असेल, पण तो बसणार शेकडो मैलांवरच्या राजवाड्यात, सोन्याच्या पेल्यातून पिणार, त्याला माझ्या बिअरचं काय? सॅम म्हणतो, तो तर म्हणतो तुमची बिअर नेहमीच चांगली असते. तो म्हणतो? बटरबरला उलगडेना. अहो, तो म्हणजे आपला ढांगाड्याच! बटरबरच्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागतो, आणि मग तो डोळे विस्फारून एवढंच म्हणतो की ढांगाड्या, आणि डोक्यावर मुकुट, चाललंय तरी काय! मी असतो तर हेच म्हणालो असतो, आणि मनात आधी बिअरच्या शिफारशीचा आनंद झाला असता.

ॲरागॉर्नपुढचा शेरा मी खोडलेला नाही. हे बघा, इथे आहे, 'आगाऊ पैसे घ्यावेत'. त्यावर एक रेघ मारली, खाली लिहिलं 'बूट नेमके बसलेले', आणि बाजूला सही केली.