लेकीच्या अंगणातला ओक

नमस्कार श्रोतेहो. पुण्यात बसून हा माणूस बर्फातल्या झाडाबद्दल का बोलतोय असं वाटेल तुम्हाला, पण आपल्या कोथरूड, सहकारनगर भागात कितीतरी घरांतली मुलं आज मिनेसोटा, शिकागो, टोरांटोकडे आहेत, आणि तिकडे घर घेतलं की झाडाचं विचारायला फोन इकडेच येतो. माझी लेक मिनियापोलिसजवळ राहते. मागे मोठं मोकळं अंगण, एक झाड नाही. म्हणाली, बाबा, सावलीसाठी काय लावू, पण लवकर वाढणारं सांगा हं.

लवकर वाढणारं म्हटलं की मला आपला गुलमोहर आठवतो, वळवाचा पहिला पाऊस आला की कुठे ना कुठे रस्त्यात आडवा पडलेला असतो. तिकडचा सिल्व्हर मेपल साधारण त्याच जातकुळीतला, वाढतो भराभर पण लाकूड ठिसूळ, फांद्यांवर बर्फ साचला की मोडतात. म्हणून मी तिला सांगितलं, ओक लाव, आणि ओकमध्येही बर ओक. तिकडे थंडीनुसार प्रदेशाचे झोन पाडलेत, त्यातल्या झोन ३ पर्यंत तो तगतो, म्हणजे उणे ३४ ते ४० सेल्सियस. आपण इकडे ८ डिग्रीला कानटोपी शोधतो! खोडाची साल इतकी जाड की गवताळ माळावरच्या वणव्यातही झाड वाचतं. लेकीने त्याचं फळ आणलं होतं, ते अजून माझ्या टेबलावर आहे, मोठ्या सुपारीएवढं, आणि वाटीच्या कडेला लोकरीसारखी झालर, अगदी तान्ह्या बाळाला टोपडं घातल्यासारखं दिसतं.

आता हा वाढतो सावकाश, वर्षाला फूटभर धरा. पण दोन-तीनशे वर्षं जगतो, आपल्या वडासारखाच पिढ्यांचा हिशोब आहे हा.

पण एक गोष्ट मात्र आधी बघायलाच हवी, ती म्हणजे माती. नर्सरीत पिन ओक छान टोकदार दिसतो म्हणून लोक उचलतात, आणि माती चुनखडीची निघाली की दोन-तीन वर्षांत पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत लिंबाचं होतं ना, तेच हे, लोह जमिनीत असतं पण मुळांना घेता येत नाही. बर ओकला अशी जमीन चालते. पाणी साचणारी, दबलेली जमीन असेल तर स्वॅम्प व्हाइट ओक घ्या, तोही थंडीला पक्का. रेड ओक वाढतो जरा लवकर, शरदात पानं लाल होतात, सुंदर दिसतो, पण ओक विल्ट नावाचा बुरशीचा रोग तिथे आहे आणि रेड ओकला तो लागला की काही आठवड्यांत उभं झाड वाळतं. ताज्या जखमेवर किडे येतात, तेच ती बुरशी आणतात, म्हणून कुठलाही ओक असो, एप्रिल ते जुलै फांदीला हात लावायचा नाही, छाटणी कडक थंडीत.

रोप लहानच घ्यायचं, मोठ्या झाडाच्या मोहात पडू नका, ओकचं मूळ खोल जातं आणि कुंडीत ते गोल गोल फिरून बसतं. खोड खाली जिथे रुंद होतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, फार खोल पुरलेलं झाड हळूहळू गुदमरतं. घरापासून निदान ३० फूट लांब, शक्यतो पश्चिमेला, म्हणजे उन्हाळ्यात दुपारची सावली भिंतीवर आणि हिवाळ्यात पानं गळाली की ऊन आत. बुंध्याभोवती लाकडाच्या ढलप्या पसरायच्या, खोडाला न चिकटवता, आणि बर्फ पडायच्या आधी जाळी लावायची, नाहीतर ससे साल कुरतडतात. आणि हो, अमेरिकेत खड्डा खणायच्या आधी ८११ ला फोन करायचा, जमिनीखालच्या लाईन कुठे आहेत ते दाखवून देतात, कारण खाली गॅसची लाईन असू शकते.

लेकीने मे महिन्यात लावला, तिच्या कमरेइतका होता. आता दर रविवारी नातू पाईप धरून बसतो, सावकाश, माती खोलवर भिजेपर्यंत, आणि मला व्हिडिओ कॉलवर नवीन पानं मोजून दाखवतो. काल अकरा होती.