मिरकरवाड्याची भिंत आणि ट्रॉलरची अँटेना

रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर, भरतीची वेळ. ही लाट बघा, उभ्या भिंतीवर आपटली पण संपली नाही, मागे फिरली आणि मागून येणारीवर चढली, भिंतीपाशी पाणी दुप्पट उसळतं आणि थोडं अलीकडे एका जागी मात्र वरखाली होतच नाही. तिकडे भाट्याच्या पुळणीवर तीच लाट चढत चढत विरते.

ट्रॉलरवरच्या वायरलेसच्या केबलमध्ये हेच चालतं. मदतीच्या हाकेचा चॅनल १६, १५६.८ मेगाहर्ट्झ, हवेत एक लाट साधारण १.९ मीटरची. केबल ५० ओहमची. आता हे ५० ओहम मल्टिमीटरने शोधू नका, मिळणार नाहीत, लाट केबलमधून जाताना व्होल्टेज आणि करंटचं जे प्रमाण धरून चालते ते हे. वर अँटेनाही ५० ओहमची असेल तर केबल संपली हे लाटेला कळतच नाही, अँटेना म्हणजे पुळण. नसेल तर प्रमाण जुळत नाही आणि तेवढा भाग परत फिरतो. मोकळ्या हवेतला अर्ध्या लाटेचा डायपोल, म्हणजे साधी दोन दांड्यांची अँटेना, ७३ ओहमचा, त्यात जेमतेम साडेतीन टक्के पॉवर परत येते, त्यासाठी कशाला जीव जाळायचा. पण वर वायर तुटली की मग भिंतच, सगळं परत.

आणि इथेच सेटपाशी लावलेला एसडब्ल्यूआर मीटर फसवतो, हे मला कळकळीने सांगायचंय. किती लाट परत फिरते ते हा मीटर दाखवतो, १ म्हणजे काहीच परत नाही, आकडा जितका मोठा तितकी जास्त परत. बारीक आरजी-५८ केबल १५ मीटर ओढली की नवीकोरी असतानाही जवळपास निम्मी पॉवर खाते. सेटमधून २५ वॅट निघाले, वर साडेबारा पोचले, वायर तुटलेली म्हणून ते सगळे फिरले, खाली येईपर्यंत सहाच्या आसपास उरले. म्हणजे पाव भाग परत, खाली एसडब्ल्यूआर दिसतो ३. तांडेल म्हणतो जरा खराब आहे, चालेल. अहो, वर अँटेनाच नाहीये! कनेक्टरमधून खारं पाणी शिरून आतली जाळी हिरवी पडलेली असेल तर केबल आणखी खाते, आकडा आणखी छान दिसतो, आणि वादळात मदतीची हाक डोलकाठीपर्यंतसुद्धा धड पोचत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हाच हे करून घ्या. केबलच्या वरच्या टोकाला अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे पॉवर हवेत न सोडता गिळून टाकणारा रोध, लावा, वॅटमीटरने आधी सेटपाशी आणि मग वरती पॉवर मोजा. जेवढी कमी भरली तेवढी केबलने खाल्ली.