अमोरिमला ठेवायचं का काढायचं: नागपुरातले युनायटेडवाले

२२ मे २०२५. रात्रीचे साडेबारा वाजून गेलेत, त्रिमूर्ती नगरातली ही वरच्या मजल्यावरची खोली, आणि कूलरच्या आवाजात कॉमेंट्री ऐकू येत नाही म्हणून कोणीतरी उठून कूलरच बंद केलाय. मे महिन्यात, नागपुरात. मॅच किती महत्त्वाची असेल ते समजून घ्या.

फुटबॉलची, युरोपातल्या क्लबांच्या युरोपा लीगची फायनल आहे, स्पेनमधल्या बिलबाओला. एका बाजूला मँचेस्टर युनायटेड, इंग्लंडच्या लीगमध्ये सोळाव्या नंबरवर, दुसऱ्या बाजूला टॉटनहॅम, सतराव्या. जिंकेल त्याला कप आणि वर पुढच्या सीझनच्या त्याहून मोठ्या चॅम्पियन्स लीगमध्ये जागा, हरेल त्याच्या हातात काहीच नाही. बेचाळिसाव्या मिनिटाला टॉटनहॅमचा ब्रेनन जॉन्सन, बॉल आपल्या ल्यूक शॉच्या अंगाला लागून आत. सेकंड हाफमध्ये युनायटेडच्या हॉयलंडचं हेडर चाललंच होतं गोलमध्ये, तेवढ्यात त्यांच्या व्हॅन डी व्हेनने हवेत पाय टाकून लाइनवरून बाहेर काढलं, आणि इथे खोलीत सगळे उठून उभे राहिले होते ते तसेच खाली बसले. १-० नेच संपली.

शिट्टी वाजल्यावर दोन मिनिटं गेली असतील, भांडण सुरू. हा व्हिडिओ त्या भांडणाचा आहे: युनायटेडचा कोच रुबेन अमोरिम, त्याला ठेवायचं का काढायचं.

"काढा बे त्याले, आजच्या आज काढा." हा इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरचा पोरगा, युनायटेडने लीग जिंकलेली त्याला नीट आठवत पण नाही, कारण शेवटची जिंकली २०१३ ला, तेव्हा हा शाळेत होता. त्याचं म्हणणं सरळ आहे. रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आला, टीम खाली होती, याने अजून खाली नेली. लीगच्या अडतीस मॅचपैकी अठरा हरायच्या म्हणजे काय. जानेवारीत ब्राइटनकडून घरच्या मैदानावर ३-१ हरल्यावर तर कोच स्वतःच बोलून गेला होता की क्लबच्या इतिहासातली कदाचित ही सगळ्यात वाईट टीम असेल. "काका, कोचच असं बोलत असन तर पोरं काय जीव लावून खेळणार?"

काका म्हणजे मेडिकल स्टोअरवाले, पन्नाशी पार, १९९९ ची चॅम्पियन्स लीग फायनल, सोलशायरचा शेवटच्या मिनिटांतला गोल, तेव्हापासून युनायटेडचे. "फर्गसनले किती टाइम देल्ला होता मालूम आहे का तुले? शहाऐंशी साली आला माणूस, पहिला कप नव्वदमध्ये. त्या सीझनमध्ये लीगमध्ये तेरावा नंबर होता. लोकं बॅनर घेऊन उभे होते मैदानात, जा म्हणून. नाही काढला. मंग त्याने किती लीग जिंकून देल्ल्या? तेरा!"

काकांचं सगळं खरं आहे. पण फर्गसनचं उदाहरण इथे अर्धंच लागू होतं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. फर्गसन खऱ्या अर्थाने मॅनेजर होता, प्लेअर कोणता घ्यायचा, कोणाला विकायचं, ॲकॅडमीतली पोरं कधी वर आणायची, सगळ्यात त्याचा शब्द चालायचा. अमोरिमला हेड कोच म्हणून आणलं होतं. विकत कोणाला घ्यायचं यात त्याचं मत विचारायचे, पण सह्या करणारे हात वेगळेच. मग जबाबदारी फर्गसनएवढी आणि अधिकार त्याच्या अर्धे पण नाही, हा हिशोब कसा जमणार.

आता इथे बघा, कॅरम बोर्ड. बँकेत काम करणाऱ्या या ताई ग्रुपमध्ये कमी बोलतात, पण फॉर्मेशनवर आलं की सगळे गप्प बसून ऐकतात. त्यांनी काळ्या-पांढऱ्या सोंगट्या मांडल्या. मागे तीन, मधे चार, पुढे तीन, हे अमोरिमचं ३-४-३, याच्याच जोरावर त्याने पोर्तुगालमध्ये स्पोर्टिंगला लीग जिंकून दिली. मधल्या चारातले दोघं कडेला, विंगबॅक, त्यांनी वर जाऊन क्रॉस पण टाकायचा आणि धावत परत येऊन मागचं पण सांभाळायचं. म्हणजे मधोमध उरले दोनच. आणि समोरच्या टीमचे तिथे तीन. ताई तिसरी काळी सोंगटी ठेवतात आणि म्हणतात, "हा मोकळा आहे. सीझनभर हाच मोकळा होता. कॅसेमिरो तेहतीसचा, तो किती जणांना धरेल? आणि ब्रुनो फर्नांडिसला पुढून खाली, मधे ओढलं की पुढे पास कोण देणार?"

आणि टीम बनलेली होती आधीच्या कोचसाठी. एरिक टेन हागला हवे होते विंगर, म्हणून गार्नाचो, रॅशफर्ड, अँटनी असे सगळे कडेने खेळणारे. अमोरिमच्या फॉर्मेशनमध्ये विंगरची जागाच नाही. जानेवारीत अँटनी स्पेनच्या बेटिसकडे लोनवर, म्हणजे उसना, फेब्रुवारीच्या सुरुवातीला रॅशफर्ड ॲस्टन व्हिलाकडे लोनवर, आणि मधल्या सीझनमध्ये, दर तीन-चार दिवसांनी मॅच, प्रॅक्टिसला वेळ नाही, अशात नवी सिस्टिम शिकवायची. विंगबॅक म्हणून डोर्गू आला तो पण फेब्रुवारीतच.

पोरगा म्हणतो मग सिस्टिम बदलायची ना. हा मुद्दा मला पण पटतो. जी टीम आहे तिच्यासारखं खेळावं लागतं कधीकधी, आणि अमोरिमने हट्ट सोडला नाही, फायनलमध्ये पण नाही.

तरी माझा राग दुसरीकडे जातो. फर्गसन २०१३ ला गेल्यापासूनची यादी काढा. मोयेस, सहा वर्षांचा करार, दहा महिन्यांत बाहेर. व्हॅन गाल, एफए कप जिंकल्यावर दोन दिवसांत बाहेर. मोरिन्हो, सोलशायर, मधे काही महिने रांगनिक, मग टेन हाग. त्याने २०२४ मध्ये एफए कप फायनलला मँचेस्टर सिटीला हरवलं, जुलैमध्ये त्याचा करार वाढवला, नवे प्लेअर घेऊन दिले आणि २८ ऑक्टोबरला काढून टाकलं. करार कोणी वाढवला होता? त्यांनीच ना? पोग्बा ८ कोटी ९० लाख पाउंड, मॅग्वायर ८ कोटी, अँटनी ८ कोटीच्या वर, प्रत्येक वेळी वेगळा कोच, वेगळा विचार. स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून डॅन ॲशवर्थला किती प्रयत्न करून आणला, तो पाच महिन्यांत गेला. शेकडो कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या, २०२४-२५ चा सीझन चालू असतानाच तिकीट ६६ पाउंड केलं, लहान पोरांना आणि म्हाताऱ्यांना पण सूट नाही. ओल्ड ट्रॅफर्डचे फॅन मार्चमध्ये काळे कपडे घालून रस्त्यावर उतरले ते कोचच्या विरोधात नाही, मालकांच्या विरोधात.

बरं, बिलबाओनंतर दोनच दिवस. २३ मेची मध्यरात्र उलटली, हेच लोक, हीच खोली, यावेळी इटलीची मॅच. नापोली कालियारीविरुद्ध, जिंकलं तर लीग. पहिला गोल हवेत उडी मारून कोणी केला? स्कॉट मॅकटॉमिनेने. युनायटेडच्या ॲकॅडमीत लहानाचा मोठा झालेला पोरगा, ऑगस्ट २०२४ मध्ये विकून टाकलेला. नापोली चॅम्पियन, आणि तो त्या लीगचा सर्वोत्तम प्लेअर. काका टाळ्या वाजवत होते आणि डोळे पण पुसत होते, मधेच म्हणाले, "आपला होता ना हा."

यावर कामठीच्या भाऊंनी जो मुद्दा काढला तो मला सगळ्यात वजनदार वाटला. हे स्वतः क्लब लेव्हलला खेळलेत, कामठीत घरोघरी फुटबॉल, तिथला माणूस उगाच बोलत नाही. ते म्हणाले, विदर्भाचं पाहा. बरोबर आहे त्यांचं. आपली रणजी टीम वर्षानुवर्षं कोणाच्या खिजगणतीत नव्हती, २०१७ मध्ये चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले, त्याच सीझनला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी, पुढच्या वर्षी परत. पोरगा लगेच म्हणाला, "बघा, कोच बदलला की होते ना!" तर भाऊ म्हणाले, "थांब ना बे, पुढचं ऐक. पंडित गेले. तरी मार्चमध्ये जामठ्याला केरळविरुद्ध रणजी कोणी उचलली? विदर्भानेच ना. हर्ष दुबेनं एका सीझनमध्ये एकोणसत्तर विकेट काढल्या, तो काय बाहेरून आणला होता? ॲकॅडमी आहे, खालून पोरं येऊन रायले, म्हणून नवा कोच आला तरी टीम उभी रायली."

चांगला कोच टीमला वर नेतो हे खरंच, पण तो गेल्यावर खाली काय शिल्लक राहतं हे क्लब चालवणाऱ्याचं काम आहे, आणि युनायटेडमध्ये दर वेळी नव्याने पाया खणायला घेतात. म्हणून मी त्या रात्री काकांच्या बाजूने होतो. अमोरिमने फायनलनंतर सांगितलं होतं की बोर्डाला आणि फॅन्सना मी नको असेन तर नुकसानभरपाईचं बोलणं न करता निघून जातो. अशा माणसाला एक पूर्ण उन्हाळा, त्याच्या पद्धतीची टीम आणि एक प्री-सीझन मिळायलाच पाहिजे.

शेवटी लीगमध्ये पंधरावा नंबर, ४२ पॉइंट. अमोरिम राहिला. आणि सतरा वर्षांनी कप जिंकून देणाऱ्या कोच पोस्टेकोग्लूला टॉटनहॅमने ६ जूनला काढलं, तेव्हा या ग्रुपमध्ये पहिल्यांदाच कोणी कोणाशी भांडलं नाही.

मग ऑगस्ट. २७ तारखेला घरोघरी गणपती बसले, आरत्या-प्रसाद उरकून सगळे रात्री साडेबाराला परत जमले, लीग कप, समोर ग्रिम्सबी टाउन, चौथ्या डिव्हिजनची टीम. हाफ टाइमला २-० ने मागे. कसंबसं २-२, पेनल्टीवर १२-११ ने बाहेर. त्याच आठवड्यात मारबत, म्हणजे इडा पीडा जावी म्हणून नागपुरात निघते ती बडग्यांची, पुतळ्यांची मिरवणूक, होऊन गेली होती, तर पोरगा चिडून म्हणाला अमोरिमचा बडग्या काढायला पाहिजे होता, आणि काका एवढे भडकले, म्हणे बडग्या काढायचा तर मालक ग्लेझरचा काढ, २००५ मध्ये कर्ज काढून क्लब घेतला आणि ते कर्ज क्लबच्याच डोक्यावर ठेवलं, इडा पीडा ती आहे.

ताई तेव्हा म्हणाल्या त्यांचं मत बदलत चाललंय, अमोरिमवरचा विश्वास कमी होतोय. माझा तेव्हाही होता, पण कारण त्यांचंच. उन्हाळ्यात कुन्या आला, म्ब्युमो आला, शेश्को आला, तिघंही पुढे खेळणारे, पैसा पाण्यासारखा गेला, आणि बोर्डवर जिथे ती तिसरी काळी सोंगटी मोकळी उभी होती तिथे खेळणारा मिडफिल्डर एक पण नाही घेतला. तो कोणी नाही घेतला, हे अमोरिमला काढायच्या आधी विचारायला पाहिजे होतं.