साठ गुणसूत्रांची पारख

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या या गोठ्यात उभा असलेला वळू नाकपुडीपासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरा आहे. त्याच्या पापण्यांचे केससुद्धा पांढरे आहेत. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेल्या या गुरांची ‘श्वेत कपिला’ या नावाने राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली, ती जुने गोवे परिसरातील एला येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेच्या अभ्यासामुळे. ही जात वाढवायची तर निवडक वळूंचे रेत, म्हणजे वीर्य, घरोघरी पोहोचायला हवे. आणि एकाच वळूपासून हजारो रेतमात्रा तयार होत असल्याने त्याचे रूप पाहून भागत नाही, त्याची गुणसूत्रेही पाहावी लागतात.

त्यासाठी मानेच्या शिरेतून थोडे रक्त घेतले जाते. त्यातील पांढऱ्या पेशी शरीराइतक्याच उबेत सुमारे ७२ तास वाढवतात आणि विभाजन ऐन रंगात असताना कोल्चिसिन घालून ते थांबवतात. मग पोटॅशियम क्लोराइडच्या सौम्य द्रावणात पेशी फुगतात, मिथेनॉल आणि ॲसेटिक आम्लात स्थिर होतात, आणि काचपट्टीवर वरून थेंब सोडला की फुटून आतली गुणसूत्रे पसरतात. जिम्सा रंगात ती जांभळी दिसतात. गुरांमध्ये ती ६० असतात. त्यांपैकी ५८ एकाच भुजेची भासतात. उरलेली दोन, एक्स आणि वाय, लिंग ठरवणारी. त्यांतले एक्स मात्र ठळक दोन भुजांचे. देशी वळूचे वाय गुणसूत्रही एकभुजी असते, तर जर्सी किंवा होल्स्टीन या विदेशी जातींचे वाय दोन भुजांचे. वाय बापाकडूनच मुलाकडे जात असल्यामुळे, अंगाने कितीही पांढरा असला तरी ज्याच्या पितृवंशात विदेशी वळू आहे तो येथे ओळखू येतो.

१९६४ साली स्वीडनमध्ये इंगेमार गुस्ताव्हसन यांनी गुरांमधील पहिल्या आणि एकोणतिसाव्या गुणसूत्रांची जोडणी प्रथम नोंदवली. अशा जनावरात गुणसूत्रे ५९ भरतात. ते धडधाकट असते आणि त्याचे वीर्यही नेहमीच्या तपासणीत निर्दोष दिसू शकते. पण त्याच्यापासून राहिलेले काही गर्भ अगदी सुरुवातीलाच मरतात, आणि गाय उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. देशातील रेत केंद्रांवर वळू घेताना ही तपासणी होते. गावात सोडलेल्या वळूचीही ती व्हावी, असे आम्हाला मनापासून वाटते.

आता वीर्याचा ताजा नमुना पाहा. इओसिन-निग्रोसिन रंगात मेलेले शुक्राणू गुलाबी होतात, जिवंत पांढरेच राहतात. ॲक्रिडीन ऑरेंज लावल्यावर ज्यांचा डीएनए अखंड आहे ते हिरवे चमकतात, ज्यांचा तुटलेला आहे ते नारिंगी-लाल. वळूमध्ये शुक्राणू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि बाहेर पडण्याजोगे पक्व व्हायला आणखी साधारण दहा. म्हणून मे महिन्यातल्या उष्म्याने झालेली इजा नमुन्यात दिसते तेव्हा बाहेर पाऊस लागलेला असतो.

या पाव मिलिलिटरच्या कांडीत, म्हणजे बारीक नळीत, सुमारे २ कोटी शुक्राणू भरून ती उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात (नायट्रोजनमध्ये) उतरवली जाते. साठ्यातली एक कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरून पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, आणि निम्मे तरी शुक्राणू सरळ पुढे पोहताना दिसले नाहीत, तर त्या वेळी भरलेल्या साऱ्या कांड्या टाकून दिल्या जातात.