फिटरची खाऱ्या पाण्याची टाकी

[दृश्य: काचेवर फिरणारा ड्रिल. पांढरा चिखल. हात.]

माशांच्या टाकीच्या मागच्या काचेला भोक पाडायचंय. भोकाभोवती कणकेचं आळं केलंय आणि आळ्यात पाणी ओतलंय. काच तापली की तडकते, म्हणून हे पाणी. ड्रिलच्या टोकाला हिऱ्याची पूड बसवलेला होल-सॉ, म्हणजे गोल भोक कापणारी करवत. सुरुवात तिरकी करायची, काचेला चंद्रकोरीएवढी खाच पडली की ड्रिल हळूहळू उभा करायचा. वरून जोर द्यायचा नाही, ड्रिल आपल्या वजनाने जेवढा जाईल तेवढा जाऊ द्यायचा. काचेच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी लावलेली आहे, म्हणजे शेवटच्या क्षणी टवका उडत नाही.

काच दहा मिलिमीटरची, साधी. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेल्या, काचेला भोक पाडायला गेलं की तिचा चुरा होतो. दुकानदार कितीही कौतुकाने टफन्ड पुढे करू दे, मागची काच साधीच घ्यायची.

[दृश्य: काचेची गोल चकती तळहातावर.]

हे हात एका निवृत्त पाइप फिटरचे आहेत. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात त्यांची सगळी नोकरी पाइपलाइनवर गेली. घर ऐरोलीत, तिसऱ्या मजल्यावर. खाऱ्या पाण्यातल्या माशांची हौस पुतणीची. टाकीचं सगळं पाइपिंग मात्र काकांचं.

[दृश्य: खाडी, ओहोटी, चिखलात रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो.]

ऐरोलीला खाडी लागून आहे. हीच ठाणे खाडी. २०१५ पासून हा भाग फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याचं नाव रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक यादीत, गेलं. घरी येणारा प्रत्येक पाहुणा एकच प्रश्न विचारतो: दारात एवढं खारं पाणी असताना मीठ विकत कशाला आणायचं? तर या खाडीत दोन्ही काठांवरच्या शहरांचं सांडपाणी येतं, पावसाळ्यात तिचा खारेपणा उतरतो आणि गाळ तर बारमाही. रोहितांचं पोट त्या गाळावरच भरतं. प्रवाळात राहणारा मासा त्यात टिकायचा नाही. म्हणून टाकीत पाणी नळाचं, म्हणजे मोरबे धरणाचं, तेही गाळून.

[दृश्य: जमिनीवर मांडलेले पाइप, एल्बो, टी, युनियन.]

टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर १९० लिटर. खाली कपाटात दुसरी टाकी, दोन फुटांची, तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी भोकांतून सम्पमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. दिवसरात्र, न थांबता. दगड, काच, लोखंडी स्टँड सगळं धरून वजन साडेतीनशे किलोच्या घरात जातं, तेव्हा जागा भिंतीलगत, बीमच्या जवळची. ती सोसायटीच्या इंजिनीअरला दाखवून ठरवली.

काचा जोडताना आमचा कॅमेरा नव्हता. सिलिकॉन आठवडाभर वाळू दिलं. पुढे चला.

[दृश्य: टँक निपल, रबरी वायसर, आवळणारा हात.]

मागच्या काचेला तीन भोकं, प्रत्येकात एक टँक निपल. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला बसवतात तेच, हार्डवेअरच्या दुकानातलं. याच कामाचं परदेशी फिटिंग, बल्कहेड, मागवायची गरज पडली नाही. रबरी वायसर पाण्याच्या बाजूला, नट बाहेरून. नट हाताने आवळायचा आणि वर फार तर पाव फेरा. पाना लावला की काच गेली.

कारखान्यात आट्यांवर सुतळी गुंडाळून सफेदा लावायची सवय. ते दोन्ही इथे बाद. आट्यांवर फक्त टेफलॉन टेप. धातूचं फिटिंग एकही नाही, पितळेचं तर अजिबात नाही. पितळेत तांबं असतं आणि खाऱ्या पाण्यात उतरलेलं तांबं कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांना विष आहे. थोडं उतरलं तरी पुरतं. त्यामुळे पितळी गेट व्हॉल्व्ह, जो काकांनी जन्मभर वापरला, तो पेटीतच राहिला.

[दृश्य: हॅक्सॉ, कानस, पेन्सिलची खूण, सोल्युशनचा ब्रश.]

यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, पाइप हॅक्सॉने कापायचा. कापलेल्या कडेवर कानस फिरवायची, कारण आतला भुसा राहिला की तो पुढे पंपात जातो. मग सगळी जोडणी आधी कोरडी करून बघायची, सोल्युशन, म्हणजे पाइप चिकटवायचा द्रव, न लावता. प्रत्येक सांध्यावर पेन्सिलची आडवी खूण. ही खूण नीट बघा. चिकटवताना एल्बो कुठल्या दिशेला बघणार हे ती सांगते. सोल्युशन लागल्यावर विचार करायला वेळ नसतो. दोन्हीकडे ब्रश, आत ढकलायचं, पाव फेरा, खूण खुणेवर आणायची आणि हाताने दाबून धरायचं. सोडलं लगेच, तर पाइप आपणहून बाहेर सरकतो.

जिथे काटकोनी वळण हवं, तिथे काकांनी पंचेचाळीस अंशांचे दोन एल्बो घातले. काटकोनात पाणी आपटतं आणि पंपाचा जोर जातो. खोक्यावर पंपाचे लिटर छापलेले असतात ते शून्य उंचीचे. चार फूट वर चढवायचं म्हटलं की त्यातले बरेच वाटेत गळतात, म्हणून पंप मोठा घेऊन ठेवायचा. जे जे पुढे साफ करायला लागणार, पंप, व्हॉल्व्ह, त्याच्या दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारा सांधा. हे पैसे वाचवायचे नाहीत.

[दृश्य: तीन उभे पाइप, जवळून.]

आता हे तीन पाइप कशाला, एक का नाही? एकाच पाइपातून पाणी उतरलं की सोबत हवा ओढली जाते आणि रात्रभर घळघळ ऐकू येते. हॉलमध्ये कोणी झोपत असेल तर टाकी विकायची वेळ येते. तीन पाइपांची ही रचना जगभरचे हौशी लोक वापरतात. पहिल्या पाइपाचं तोंड पाण्याखाली आणि खाली बॉल व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह इतका मिटायचा की पाइप पाण्याने गच्च भरून राहील, आत हवेचा बुडबुडा नाही. मग आवाज नाही. दुसरा उघडा, उरलेलं पाणी त्याच्या आतल्या भिंतीवरून पातळ ओघळतं. तिसऱ्याचं तोंड सगळ्यांत वर आणि तो कायम कोरडा. पहिल्यात पाला-शेवाळ अडकलं की तो कामाला येतो.

[दृश्य: व्हॉल्व्हची दांडी, केसभर सरकणारी. आवाज कमी होत जातो. निवेदन नाही.]

[दृश्य: गॅलरीत साधं पाणी भरलेली टाकी.]

मीठ घालण्याआधी साध्या पाण्याची चाचणी. सांध्यांखाली वर्तमानपत्राचे तुकडे ठेवलेत. कागद ओला दिसला की सांधा सापडला. आणि मग मुख्य परीक्षा, वीज गेल्याची.

"काका, करू का बंद?"

"थांब, आधी सम्पवर खूण कर. हां. आता कर."

[दृश्य: स्विच. सम्पमध्ये चढणारं पाणी, काचेवर मार्करची रेघ.]

पंप थांबला की वरचं पाणी खाली येतं. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे जवळपास साडेदहा लिटर. दोन इंच उतरलं तर एकवीस लिटर, आणि तेवढ्याने सम्पची पातळी साडेचार इंच चढते. तेवढी जागा सम्पमध्ये रिकामी हवीच. त्यात आणखी एक खोच आहे: पंपाचा पाइपसुद्धा उलटा वाहू लागतो आणि टाकी उपसत राहतो. दुकानदार यावर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह देतो, पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. काकांचा त्याच्यावर भरवसा नाही. मिठाचा खडा किंवा एखादी गोगलगाय झडपेत बसली की ती मिटत नाही. त्यांनी पाइपाचं तोंडच पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली ठेवलं आणि त्याच्याही वर एक बारीक भोक पाडलं. पातळी उतरली की भोकातून हवा शिरते, ओढ तुटते. हलणारा भाग एकही नाही, बिघडणार काय?

[दृश्य: पाणी चढतं, रेघेच्या खाली थांबतं. काकांचा चेहरा.]

सगळ्या वायरींना सॉकेटच्या खाली झोळ दिलाय, ओघळलेला थेंब झोळावरून खाली पडावा, सॉकेटमध्ये शिरू नये म्हणून. बोर्डावर ईएलसीबी, वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच. खाऱ्या पाण्याशेजारी वीज असताना हे टाळायचं नाही.

[दृश्य: बादली, मीठ, ढवळणारा पंप.]

मीठ मिठागरातलं किंवा स्वयंपाकघरातलं चालत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट हे सगळं प्रमाणात असतं. त्यासाठी तयार मिश्रण मिळतं, लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम. या दोन टाक्यांना मिळून आठेक किलो लागलं. पाणी आरओचं, म्हणजे बारीक पडद्यातून गाळलेलं, आणि त्यापुढे डीआयचं, म्हणजे उरलेले क्षारही काढलेलं; टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, शून्य. विशिष्ट गुरुत्व, म्हणजे गोड्या पाण्याच्या तुलनेतली घनता, १.०२५ आलं की थांबायचं. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची. सम्पमध्ये फ्लोट व्हॉल्व्ह बसवलाय, तो ती भर घालतो.

[दृश्य: स्किमरचा कप, तपकिरी फेस.]

हा स्किमर. बारीक बुडबुड्यांना घाण चिकटते आणि फेस होऊन कपात चढते. दिसायला ओंगळ आहे, पण टाकीतून बाहेर गेलेली घाण डोळ्यांनी दिसते ती इथेच.

पुढचे चार ते सहा आठवडे टाकीत मासा नाही. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू आधी दगडावर वस्ती करतात. या काळात दाखवण्यासारखं काही घडत नाही.

[दृश्य: क्लाऊनफिशची जोडी.]

ही जोडी हॅचरीत वाढलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची पैदास टाकीत करण्याचं तंत्र बसवलेलं आहे. दगड सिरॅमिकचे. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, ते दुकानात दिसले तरी घ्यायचे नाहीत. विजेचं बिल वाढलं, खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना काळजी आहे, मे महिन्यात पंखा लावूनही पाणी तापलं.

[दृश्य: पुतणी मेजर टेपने टाकीची वरची कड मोजते.]

वरून झाकण अजून बाकी आहे. समुद्री मासे उडी मारतात, आणि काचेचं झाकण उष्णता कोंडतं, म्हणून खिडकीची बारीक नायलॉन जाळी अॅल्युमिनियमच्या चौकटीत ताणून बसवायची ठरली आहे. पाइपासाठी त्या चौकटीला खाच कुठे पाडायची, यावर दोघांचं एकमत झालेलं नाही.