छोट्या पोकलेनचा पट्टा

(सकाळ. रावेरकडचं एक वावर, बाजूला केळीची बाग. मशीन अजून बंद आहे.)

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि हा भाऊ मशीन चालू करायच्या आधी खाली बसून पट्ट्यातला, म्हणजे चाकांऐवजी मशीन ज्यावर चालतं त्या पट्ट्यातला, चिखल खरवडतोय. खरं तर रात्रीच काढायचा असतो, पण काल ठिबकच्या मेन लाईनची चारी अंधार पडेपर्यंत संपलीच नाही. आपली ही तापीकाठची काळी माती ओली असली की डिंकासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. ती स्प्रॉकेटच्या, म्हणजे पट्टा फिरवणाऱ्या दातेरी चाकाच्या दातांत, खालच्या रोलरच्या मधे ठासून बसली की पट्टा आतूनच ताणला जातो, बघणाऱ्याला वाटतं वा काय टाईट आहे, आणि तिकडे पुढच्या आयडलरचं (पट्टा ताणून धरणाऱ्या चाकाचं) बेअरिंग, मागची मशीन चालवणारी ट्रॅव्हल मोटर, सगळ्यांवर लोड येत राहतो.

तीन टनांचं मशीन आहे हे. आपण सगळ्यालाच पोकलेन म्हणतो, कंपनी कोणतीही असो. बांधाच्या कडेने जिथे जेसीबी वळत नाही तिथे हे जातं, म्हणून केळीवाल्यांना हेच लागतं.

(पट्ट्याची आतली बाजू, जवळून)

हे आकडे बघा. 300, मग 52.5, मग 80. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा पिच, म्हणजे एका लोखंडी कडीपासून पुढच्या कडीपर्यंतचं अंतर, आणि तिसरा कड्या किती ते. 52.5 गुणिले 80 केलं की 4200, म्हणजे अख्खा पट्टा 4.2 मीटरचा. नवीन पट्टा घेताना हे तिन्ही आकडे जुन्या पट्ट्यावरून उतरवून घ्यायचे, फोटोच काढायचा. मी स्वतः पहिल्या वेळी फोनवर फक्त मॉडेल आणि "300 चा पाठवा" एवढंच सांगितलं, 300 चाच आला, पण पिच निघाला 55. स्प्रॉकेटच्या दातावर तो बसेचना. परत पाठवायचं भाडं माझ्याच खिशातून गेलं आणि मशीन चार दिवस उभं, हप्ता काय थांबत नाही. आतल्या बाजूने रोलर कुठून चालतात तेही बघायचं, कारण आकडे तेच असून गाईडची ठेवण वेगळी असली तरी बसत नाही.

रबर घ्यायचा की लोखंडी, हा प्रश्न खान्देशात सगळीकडे सारखा नाही. रावेर, यावल, चोपडा, इकडे मऊ माती, मधे डांबरी रस्ता ओलांडायचा, तिथे रबरच बरा. पण धुळे-नंदुरबारकडे जा, साक्रीकडे बघा, जमिनीतून भिंतीसारख्या काळ्या दगडाच्या रांगाच वर आलेल्या आहेत, त्या धारदार दगडावर ब्रेकर, म्हणजे दगड फोडायचा हातोडा, लावून रोज काम असेल तर माझं स्पष्ट मत आहे, लोखंडी पट्टा घ्या. आवाज करेल, रस्ता खराब करेल, पण फाटणार नाही. रबरात आत स्टीलच्या तारा असतात, दगडाने बोटभर चीर पडली की तिथून पाणी जातं, तारा गंजतात, आणि वरून चांगला दिसणारा पट्टा एक दिवस सरळ तुटतो.

आता ताण. बूमने, म्हणजे मशीनच्या हाताने, मशीनची एक बाजू उचलायची, पट्टा अधांतरी लोंबू द्यायचा आणि मधल्या रोलरच्या खाली किती फट पडते ते पट्टीने मोजायचं. किती पाहिजे ते मशीनच्या पुस्तकात दिलेलं असतं, प्रत्येक मशीनचं वेगळं. ढिला असेल तर ग्रीस गनने निप्पलमधून ग्रीस भरायचं, टाईट असेल तर ग्रीसचा व्हॉल्व्ह थोडासा सैल करायचा. थोडासाच, एका आट्याच्या वर नाही, आणि तोंड त्याच्या समोर कधीही न्यायचं नाही. आतलं ग्रीस प्रचंड दाबाखाली असतं, व्हॉल्व्ह पूर्ण खोलला तर गोळीसारखा सुटतो, कातडीत ग्रीस घुसतं, डोळा जातो. इथे मस्करी नको भावांनो, पोराला शिकवताना हे आधी शिकवा.

साक्रीकडचा एक ऑपरेटर मला म्हणायचा, "पट्टा ढिला व्हई गया भो, पहिले ग्रीस मार, मंग काम कर." ढिला पट्टा वळताना उतरतो, तेही नेमका चारीच्या तोंडाशी, उतारावर.

आणि वळणं. पट्टा खोदण्याने कमी आणि जागेवर गरगर फिरवण्याने जास्त खराब होतो, त्यात मुरूम किंवा काँक्रीट असेल तर रबर अक्षरशः घासून निघतं. थोडं पुढे, थोडं मागे, असं करत वळवा. मे महिन्यात 45 अंशात मशीन उभं असेल तर सावलीत लावा, डिझेल सांडलं तर धुऊन टाका.

(पट्टा बदलताना)

हा पट्टा आता बदलायचाच, तारा बाहेर दिसताहेत आणि आतल्या कड्यांचे दोन लोखंडी लग (वर आलेले उंचवटे) तुटलेत. दोन्ही बाजूंचे एकदमच बदलतोय, एक नवा एक जुना ठेवला तर मशीन एका अंगाला ओढतं. व्हॉल्व्ह सैल केला, ग्रीस निघालं, आयडलर आत सरकला, आता टॉमीने, म्हणजे लोखंडी पहारीने, पट्टा आयडलरवरून उतरवायचा. स्प्रॉकेटचे दात बघा, शार्कसारखे टोकदार झालेत. यांच्यावर नवा पट्टा चढवला तर तो काही महिन्यांत जुना होईल, म्हणून स्प्रॉकेटही नवंच. नवा पट्टा आधी स्प्रॉकेटवर बसवायचा, मग आयडलरवर, दोन माणसं लागतात आणि बोटं आत घालायची नाहीत.

दुपारी दोनला मशीन परत चारीवर गेलं. नवा पट्टा पहिल्या काही तासांत बसतो, सैल होतो, म्हणून संध्याकाळी भाऊने परत बूमने उचलून फट मोजली. वाढलेलीच होती. ग्रीस गनचे तीन पंप मारले, पट्टी परत लावली, आणि मग चिखल खरवडायला खाली बसला.